राज्याचे स्कूल रिपोर्ट कार्ड: लहान हायस्कूलच्या पालकाचा वापरानंतरचा अनुभव

अमेरिकेत मुलांना शाळेत घालणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांनी राज्याच्या शिक्षण विभागाचे स्कूल रिपोर्ट कार्ड घर भाड्याने घेण्यापूर्वी एकदा तरी उघडलेले असते, त्यामुळे त्यात काय काय असते हे सविस्तर सांगत बसत नाही. थोडक्यात, प्रत्येक शाळेचे निकाल, हजेरी वगैरे आकडे देणारे ते विभागाचे पान. माझा मुलगा एका लहान पब्लिक, म्हणजे सरकारी, हायस्कूलमध्ये शिकतो आणि गेले कित्येक महिने मी हे पान नियमितपणे पाहत आले आहे. लिहिण्याचे निमित्त असे, की नव्या आकड्यांत शाळेचे ग्रॅज्युएशनचे, म्हणजे हायस्कूल पूर्ण करून डिप्लोमा मिळवणाऱ्यांचे, प्रमाण एकदम खाली आले आणि ओळखीच्या काही कुटुंबांनी लगेच शेजारच्या मोठ्या डिस्ट्रिक्टमध्ये (एका भागातल्या पब्लिक शाळा चालवणाऱ्या स्थानिक विभागात) घरे शोधायला सुरुवात केली. तिथले भाडे बरेच जास्त आहे. एका टक्केवारीपायी दरमहा एवढा खर्च वाढवायचा असेल, तर ती टक्केवारी कशी तयार होते हे आधी पाहायला हवे.

हे प्रमाण चार वर्षांच्या तुकडीवरून काढतात. नववीत पहिल्यांदा दाखल झालेली मुले मोजायची, मध्येच आलेली मिळवायची, दुसऱ्या शाळेत किंवा देशाबाहेर गेलेली आणि मृत्यू पावलेली वजा करायची, आणि उरलेल्यांपैकी किती जणांना चार वर्षांत नियमित डिप्लोमा मिळाला ते पाहायचे. पद्धत चोख आहे, आणि बहुतेक राज्यांनी ती २०१०-११ पासून स्वीकारल्यामुळेच २०२१-२२ मध्ये देशाचे प्रमाण ८७ टक्के होते, असे म्हणता येते. परंतु तुकडीत ४० मुले असतील तर एक मूल म्हणजे अडीच टक्के, आणि २० असतील तर पाच टक्के. दुसऱ्या शाळेत दाखल झाल्याचा कागद ज्याच्याबद्दल आलेला नाही, तो विद्यार्थी वजा होत नाही. तो डिप्लोमा न मिळालेल्यांतच राहतो. विशेष शिक्षणाच्या आराखड्यानुसार पाचव्या वर्षीही शाळेत येणारे मूल याच बाजूला मोजले जाते. आमच्या शाळेची घसरण प्रत्यक्षात मोजक्या मुलांची होती, आणि त्यांतली काही कुटुंबे गाव सोडून गेलेली होती. हे मला पानावरून कळले नाही. शाळेच्या कार्यालयात नोंदी सांभाळणाऱ्या बाईंनी शांतपणे समजावून सांगितले.

आता माझी खरी तक्रार. या पानावर जिथे तिथे तारका आहेत. वंशगट, अपंगत्व, इंग्रजी शिकणारी मुले, अल्प उत्पन्न, कोणतीही विभागणी उघडा, लहान शाळेत निम्म्या रकान्यांत गट फार लहान म्हणून आकड्याऐवजी तारका दिसते. केंद्रीय नोंदीत सात वंशगट असतात आणि आपली मुले ‘आशियाई’ या एकाच ओळीत चिनी, व्हिएतनामी, फिलिपिनो मुलांबरोबर मोजली जातात. तरीही आमच्या शाळेत ती ओळ प्रकाशनाच्या मर्यादेइतकी भरत नाही. मला जे जाणून घ्यायचे आहे, म्हणजे माझ्या मुलासारखी मुले इथे गणितात कशी आहेत, नेमके तेच झाकलेले आहे. काही ठिकाणी तर मोठ्या गटाचा आकडाही दिसत नाही, आणि पहिले काही महिने मी याला सरळ सरळ निष्काळजीपणा समजत होते.

ते मत आता तसे राहिलेले नाही. १९७४ च्या गोपनीयता कायद्यानुसार एखाद्या विद्यार्थ्याची ओळख पटेल अशी माहिती उघड करता येत नाही. एकूण पट आणि बाकीचे सर्व गट दिले, तर साध्या वजाबाकीने झाकलेला गट बाहेर पडतो. म्हणून मुद्दाम दुसरा एक गटही झाकावा लागतो. एखाद्या गटातील सर्वच मुले उत्तीर्ण झाली असतील, तर ‘९५ पेक्षा जास्त’ एवढेच छापतात, कारण १०० लिहिले की प्रत्येकाचा निकाल सर्वांना कळतो. लहान गावात वर्गातले प्रत्येक मूल सर्वांच्या ओळखीचे असते, त्यामुळे ही काळजी मला पटते. पटत नाही ते पुढचे. २०१५ चा शिक्षण कायदा शाळांच्या उत्तरदायित्वाच्या हिशेबासाठी अनेक वर्षांची आकडेवारी एकत्र करण्याची मुभा राज्यांना देतो. तीन वर्षांची मुले एकत्र मोजली, तर आमच्या शाळेतील बऱ्याच तारका कोणाची ओळख न फोडता हटतील. हे मी राज्याच्या शिक्षण विभागाला लिहिले. त्यांनी डिस्ट्रिक्टकडे बोट दाखवले, डिस्ट्रिक्टने पुन्हा राज्याकडे. बऱ्याच पत्रव्यवहारानंतर एवढेच हाती आले, की डाउनलोड करून घेण्याच्या फाइलमध्ये जिथे तारका नाही तिथे टक्क्यांबरोबर मुलांची संख्याही असते. लहान शाळेच्या पालकांना त्याच रकान्याची खरी गरज आहे आणि मुख्य पानावर तो कुठेच नाही.

अल्प उत्पन्नाच्या रकान्याबद्दलही सावध राहावे. पूर्वी हा आकडा मोफत आणि सवलतीच्या जेवणाच्या अर्जांवरून येई: दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असल्यास मोफत, १८५ टक्क्यांपर्यंत सवलत. आता ज्या शाळांत सरकारी मदत घेणाऱ्या कुटुंबांच्या यादीवरून थेट ओळखलेली मुले ठरावीक प्रमाणात आहेत, त्या अर्ज न घेता सर्वांना मोफत जेवू घालू शकतात. हे किमान प्रमाण २०२३ मध्ये ४० वरून २५ टक्क्यांवर आणले गेले. जेवणाची ही सोय उत्तम आहे, परंतु अशा शाळेचा रकाना काही तक्त्यांत थेट १०० टक्के दिसतो आणि तो पाहून घाबरणारे पालक मी पाहिले आहेत. १ ते १० गुण देणाऱ्या खासगी पानांवर यापेक्षा अधिक विसंबू नये. कुटुंबाची परिस्थिती आणि परीक्षेतील गुण यांचा घट्ट संबंध शाळांतील समान संधींवरच्या १९६६ च्या सरकारी कोलमन अहवालापासून सर्वांना माहीत आहे, त्यामुळे केवळ उत्तीर्णांच्या टक्केवारीवरून दिलेला अंक शाळेच्या शिकवण्याइतकाच वस्तीच्या उत्पन्नाबद्दलही बोलत असतो.

एसएटी या कॉलेज प्रवेशासाठीच्या परीक्षेच्या सरासरीची तुलना करताना ती परीक्षा अकरावीतील सर्वांना द्यावी लागते की इच्छुकांनाच, एवढे पाहिले तरी पुरते. मला सर्वांत उपयोगी पडला तो दीर्घ गैरहजेरीचा आकडा, म्हणजे १० टक्के किंवा त्याहून अधिक दिवस न आलेल्या मुलांचे प्रमाण. १८० दिवसांच्या वर्षात असे १८ दिवस होतात. यात सगळ्या इयत्ता एकत्र मोजल्या जात असल्यामुळे लहान शाळेतही एखाद्या मुलाने तो फारसा हलत नाही, आणि आमच्या शाळेत तो सलग खाली येत आहे. पाचपैकी तीन गुण देते. मुलांची संख्या आणि तीन वर्षांची एकत्रित ओळ मुख्य पानावर आली, तर चार देईन.