रिकॉल लगेच की थांबून? डेव्हिस, वॉकर आणि न्यूसम

अमेरिकेतला गव्हर्नर म्हणजे तिथला मुख्यमंत्रीच, फक्त थेट लोकांनी निवडलेला. काही राज्यांत मतदारांच्या पुरेशा सह्या जमवल्या की मुदत संपायच्या आत त्याला पदावरून काढण्यासाठी रिकॉलची निवडणूक लावता येते. आजवर चार गव्हर्नरांना अशा निवडणुकीला सामोरं जावं लागलं. नॉर्थ डकोटाचे लिन फ्रेझियर (1921) आणि कॅलिफोर्नियाचे ग्रे डेव्हिस (2003) घरी गेले. विस्कॉन्सिनचे स्कॉट वॉकर (2012) आणि कॅलिफोर्नियाचे गॅव्हिन न्यूसम (2021) तरले.

कॅलिफोर्नियातल्या मराठी मतदारापुढेही दुकानाबाहेर उभा असलेला कार्यकर्ता सह्यांचा कागद धरतोच. सही करावी का, मोहिमेत उतरावं का, उतरलो तर घाई करावी का, असा विचार चालू असेल तर पहिला सल्ला ठरलेला असतो: लोखंड तापलंय तोवर घाव घाला. मला तो अर्धाच पटतो. लोखंड तापलंय हे खरं, पण हातोडा कुणाच्या हातात आहे ते आधी बघायला हवं.

डेव्हिस यांच्या वेळी हातोडा विरोधकांच्या हातात होता, आणि तो पैशाने आला होता. नोव्हेंबर 2002 मध्ये ते पुन्हा निवडून आले ते जेमतेम 47 टक्के मतांवर. काही महिन्यांतच 38 अब्ज डॉलरच्या तुटीचा आकडा गाजू लागला. सह्यांची मोहीम सुरुवातीला रखडत होती. मग रिपब्लिकन खासदार डॅरेल आयसा यांनी स्वतःचे 17-18 लाख डॉलर ओतले, पैसे घेऊन सह्या गोळा करणारे रस्त्यावर उतरले, आणि 23 जुलै 2003 ला सह्या प्रमाणित झाल्या.

सगळी मेख या तारखेत आहे. राज्यघटनेप्रमाणे प्रमाणपत्रानंतर 60 ते 80 दिवसांत मतदान घ्यावं लागतं. नियमित निवडणूक 180 दिवसांच्या आत येत असेल तरच रिकॉल तिला जोडता येतं. पुढची मोठी निवडणूक 2 मार्च 2004 ची, राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीची. त्या दिवशी डेमोक्रॅट मतदार आपणहून बाहेर पडणार होते. बुश यांना पक्षात आव्हानच नसल्याने रिपब्लिकनांना घाई नव्हती. डेव्हिस डेमोक्रॅट, त्यामुळे त्यांना मार्चच हवा होता. सह्या सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत रेंगाळल्या असत्या, तर तो मिळूही शकला असता. म्हणजे आयसांच्या पैशांनी सह्यांइतकीच तारीखही विकत घेतली. कोर्टाचे दरवाजे ठोठावून झाले. 15 सप्टेंबरला फेडरल अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी जुन्या पंचकार्ड यंत्रांवर बोट ठेवून मतदान थांबवलंही, पण आठच दिवसांनी मोठ्या पीठाने तो निकाल फिरवला.

मतदान ठरलं 7 ऑक्टोबरला. कॅलिफोर्नियाच्या मतपत्रिकेवर दोन प्रश्न असतात: गव्हर्नर ठेवायचा की काढायचा, आणि काढला तर जागी कोण. डेव्हिस सरकारने तिप्पट केलेला गाड्यांचा कर लागू होणार होता 1 ऑक्टोबरपासून! वाढीव बिलं घराघरांत पोचत असताना प्रचार शिगेला होता, आणि त्यांच्या जागी उभे असलेले सिनेनट श्वार्झनेगर यांच्या सभेत त्या कराचं प्रतीक म्हणून चक्क एका गाडीवर लोखंडी गोळा सोडला गेला. 55 टक्के मतदारांनी ‘काढा’ म्हटलं आणि डेव्हिस गेले.

विस्कॉन्सिनचा हिशेब वेगळा. तिथे पद घेऊन वर्ष होईपर्यंत रिकॉल करताच येत नाही (आपल्याकडे थेट निवडलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षं अविश्वास ठराव आणता येत नाही, तसंच काहीसं). रिपब्लिकन वॉकर यांनी सरकारी कर्मचाऱ्यांच्या युनियनचे हक्क छाटणारा कायदा फेब्रुवारी 2011 मध्ये आणला, राजधानी मॅडिसनच्या विधानभवनात आंदोलक मुक्कामाला बसले, तरी मार्चमध्ये तो झालाच. राग तेव्हा होता. मतदान झालं 5 जून 2012 ला, पंधरा महिन्यांनी. सह्या 5 लाख 40 हजार लागत होत्या. ग्राह्य ठरल्या 9 लाखांवर. तरीही उपयोग झाला नाही.

त्याची कारणं बरीचशी वेळापत्रकातच आहेत. सह्या चालू झाल्यापासून निवडणूक जाहीर होईपर्यंत पदावरच्या माणसाला देणग्यांची मर्यादा नसे, त्यामुळे वॉकर यांना एकेका धनिकाकडून पाच-पाच लाख डॉलर घेता आले. डेमोक्रॅट तोवर आपसात उमेदवारी लढत होते. टॉम बॅरेट यांचं नाव 8 मेला पक्कं झालं, हातात राहिले चार आठवडे. वॉकर 2010 मध्ये याच बॅरेट यांना हरवून आले होते. या खेपेला थोड्या जास्तच फरकाने जिंकले.

नोव्हेंबरपर्यंत थांबले असते तर? ओबामांनी नोव्हेंबरात विस्कॉन्सिन सुमारे सात टक्क्यांनी जिंकलं, म्हणून हा प्रश्न पुन्हा पुन्हा निघतो. पण जूनच्या एक्झिट पोलमध्येही ओबामा पुढेच होते, आणि त्याच मतदारांनी वॉकरना ठेवलं. गैरवर्तनाखेरीज रिकॉल करू नये असं मानणारे जवळजवळ 60 टक्के निघाले. नुसतं थांबून हे बदललं नसतं.

न्यूसम यांच्या वेळी मात्र घाई केली ती सत्ताधाऱ्यांनीच. आधीची गंमत अशी: 2017 मध्ये जॉश न्यूमन या राज्य सिनेटमधल्या आपल्या सदस्याला रिकॉलपासून वाचवण्यासाठी डेमोक्रॅटांनी कायदा बदलला. सही मागे घ्यायला 30 कामकाजाचे दिवस, मग खर्चाचा अंदाज, मग त्याची छाननी. असं लांबवत त्यांनी ते रिकॉल जून 2018 च्या नियमित प्राथमिक फेरीला नेऊन जोडलं. न्यूमन तरीही पडले.

2021 मध्ये त्याच पक्षाने त्यातली छाननीची पायरी वगळणारा कायदा केला, कारण हवा आपल्या बाजूने होती. मुळात मोहीम जगली ती कोर्टाने करोनामुळे सह्यांना 17 मार्चपर्यंत चार महिने वाढवून दिल्यामुळे. तो आदेश 6 नोव्हेंबर 2020 चा, आणि न्यूसम नापा खोऱ्यातल्या ‘फ्रेंच लाँड्री’त विनामास्क जेवले तोही त्याच दिवशी. सह्यांचा पाऊस पडला. पण राग लॉकडाऊनचा होता आणि मतदान आलं 14 सप्टेंबर 2021 ला: लस मिळालेली, तिजोरीत 75 अब्जांवर शिल्लक, मतपत्रिका घरपोच, ऑगस्टअखेर अनेकांच्या खात्यात 600 डॉलर. जुलैच्या बर्कले विद्यापीठाच्या पाहणीत ‘काढा’ 47 विरुद्ध ‘ठेवा’ 50 अशी धाकधूक होती खरी. निकाल लागला जवळजवळ 62 टक्के न्यूसमच्या बाजूने. शिवाय 2003 मध्ये डेव्हिस यांच्याच पक्षाचे उपगव्हर्नर बस्तामांते स्वतःच पर्यायी उमेदवार म्हणून उभे राहिले होते. ती चूक पक्षाने यावेळी होऊ दिली नाही. समोर मुख्य उरले ते रिपब्लिकन रेडिओ निवेदक लॅरी एल्डर.

तेव्हा निवड करायची झाली तर मी अशी करेन. कॅलिफोर्नियात पहिला प्रश्न फक्त ‘ठेवायचा की काढायचा’ एवढाच असतो, तिथे घाई फायद्याची. पण ती सह्या सुरू करण्यात नव्हे, संपवण्यात. सह्यांसाठीची पूर्ण मुदत वापरावी लागत असेल तर मोहीम सोडून द्या, कारण प्रमाणपत्रानंतर तारीख उपगव्हर्नर ठरवतो आणि कायदा विधिमंडळ, आणि दोन्ही बहुधा समोरच्याच्या पक्षाचे. विस्कॉन्सिनात गव्हर्नर स्वतः मतपत्रिकेवर असतो, समोर माणूस लागतो. तिथे तो माणूस ठरेपर्यंत पहिली सहीसुद्धा घेऊ नका, मग भले नोव्हेंबर उजाडो.