सोलापुरातलं जुनं घर विकताय? साठेखतातली ‘अथवा’ची ओळ वाचा

बाहेरगावी राहून सोलापुरातलं वडिलोपार्जित घर विकणाऱ्यांसाठी हे लिहितेय. आमचं घर बाळीवेशीकडच्या एका गल्लीत, माळवदाचं, कोपऱ्यावर, दोन बाजूंनी रस्ता. वडील गेल्यावर आईला पुण्याला आणलं, भाऊ बंगळूरला. घराला कुलूप, आणि दर पावसाळ्यात माळवद गळतंय म्हणून शेजाऱ्यांचा फोन. शेवटी विकायचं ठरलं. ओळखीतूनच एक दलाल पुढे आला. नाव लिहीत नाही.

“ताई, तुम्ही पुण्यात निवांत बसा. इथलं सगळं मी बघतो की,” म्हणाला.

पहिलं काम त्यानं केलं ते भाव पाडायचं. “पेठेत कोण येतंय ओ आता राहायला? सगळे जुळे सोलापूरला, नाहीतर विजापूर रोडला. पाणी चार-पाच दिवसांआड, गाडी लावायला जागा नाही.” यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, म्हणूनच ते पटतं. फक्त पेठेतली कोपऱ्यावरची जागा हल्ली दुकानाला, गोदामाला जाते आणि तिचा हिशोबच वेगळा असतो, एवढं त्यानं सांगितलं नाही. मग गिऱ्हाईकं आणली. एक २५ लाख म्हणाला, दुसऱ्यानं माळवदाकडे मान वर करून बघितलं आणि २२ वर आला. ही त्याचीच माणसं होती हे फार उशिरा कळलं. त्यानंतर तिसऱ्यानं २८ म्हटल्यावर आईला हायसं वाटलं.

सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर अजून आजोबांचं नाव होतं. त्याची भीती घालून वारस नोंदीसाठी “हापिसात द्यायला” म्हणून २० हजार घेतले. पावती आजतागायत नाही.

वकीलही त्यानंच दिला. साधा, गोड बोलणारा माणूस, फी नाममात्र. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी साठेखत, म्हणजे पुढे विकण्याचा करार, मुदत अकरा महिने, एक लाखाचा चेक विसार म्हणून. त्यात मधेच एक ओळ होती: “लिहून घेणार अथवा ते सांगतील त्या इसमाच्या लाभात खरेदीखत करून देण्याचे आहे.” वकिलाला विचारलं तर म्हणाला, “काही नाही, बायकोच्या नावानं घ्यायचं असलं तर सोय असावी म्हणून.” सगळा खेळ त्या ‘अथवा’त होता. लिहून घेणारा, म्हणजे कागदावरचा खरेदीदार, हा दलालाचा सख्खा मेहुणा. त्याला घर घ्यायचंच नव्हतं. एक लाखात आमचं घर अकरा महिने २८ ला बांधून ठेवायचं, तेवढ्यात खरं गिऱ्हाईक गाठायचं आणि वरची रक्कम खिशात.

गड्ड्याची जत्रा उरकल्यावर खरेदीखताला बोलावलं. सब-रजिस्ट्रारच्या हॉलमध्ये टोकन नंबरची वाट बघत बसलो. घेणारं जोडपं वेगळंच होतं. दलाल म्हणाला, “पार्टनर आहेत.” तो झेरॉक्सला गेला तेव्हा त्यातल्या बाई माझ्याशेजारी येऊन बसल्या. मांडीवर पिशवी, पिशवीत घरून आणलेला डबा. जरा वेळानं हळूच म्हणाल्या, “ताई, तेवढी रोकड मागितली नसती ना, तर आमाला बँकेचं कर्ज जास्त झालं असतं ओ. सोनं मोडलं की मी.”

मी विचारलं, कसली रोकड?

व्यवहार ४१ लाखांचा होता. दस्तावर २८, आणि १३ रोख, “मालकिणीला पुण्यात फ्लॅटसाठी रोखच पाहिजे” असं सांगून. त्यातले पाच त्यांनी दिलेही होते. त्यांच्या हिशोबी ते माझ्या पर्समध्ये होते.

हे नुसतं १३ लाखांचं दुखणं नाही. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायला २०१५ पासून आयकर कायद्यानं मनाई आहे, आणि दंड रोख घेणाऱ्याला, घेतलेल्या रकमेइतकाच. म्हणजे पैसे दलालाच्या घरात आणि उद्या घर घेणाऱ्यानं तोंड उघडलं तर नोटीस माझ्या नावानं. घर घेणाऱ्याचंही वाटोळंच. त्यांच्या दस्तावर २८, म्हणून कर्ज कमी. आणि पुढं कधी विकलं तर नफा २८ पासून मोजणार.

मी सही केली नाही. दलालाचा आवाज एकदम बदलला. “साठेखत आहे आमच्याकडं. कोर्टात खेचीन.”

आत्याच्या शेजारी एक निवृत्त बँक मॅनेजर राहतात. त्यांनी दोन माणसांकडे पाठवलं. एक, दिवाणी कामं करणारे वकील, ज्यांना दलाल ओळखतही नव्हता. त्यांनी साफ सांगितलं की नोंदणी नाही म्हणून हे साठेखत केराच्या टोपलीत टाकता येत नाही. त्यावर दावा टाकता येतो आणि दावा चालू असलेलं घर कोण घेणार? दुसरे, बँकांसाठी मूल्यांकन करणारे इंजिनिअर. टेप घेऊन आले, दोन्ही रस्त्यांची रुंदी मोजली, शटर कुठे निघेल ते बघितलं आणि समोरच्या बोळातल्या अलीकडच्या विक्रीचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सारांश, काढून दाखवला. तो नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्चमध्ये कुणालाही बघता येतो. मोबदला एका ओळीत, सरकारी दरानं काढलेला बाजारभाव पुढच्या ओळीत. पण मोबदल्याच्या आकड्यावर प्रत्यक्षात रोखीत किती चढलं असेल, हे त्या गल्लीत चार व्यवहार बघितलेला माणूसच सांगू शकतो. त्यांनी ३८ ते ४० सांगितले. फी काही हजारांत, पावतीसकट. दलालाचं कमिशन दोन्हीकडून दोन-दोन टक्के ठरलं होतं, त्यापुढे ही फी म्हणजे चहापाणी.

कुणी म्हणेल, रेरा (बांधकाम प्रकल्पांसाठीचा कायदा) नंबरवाला एजंट बघायचा. बघा जरूर, पण रेराची एजंट नोंदणी ही रेरात नोंदवलेल्या प्रकल्पांमधल्या विक्रीसाठी आहे. पेठेतल्या माळवदाच्या घराला त्याचा उपयोग शून्य. कार्डावर तो नंबर छापलेला दलाल तुमचं जुनं घर विकताना कुठल्याच नियमात बसत नसतो.

शेवटी विसाराचा लाख परत आणि वर दीड लाख देऊन मेहुण्याकडून रद्दपत्र लिहून घेतलं. दीड लाख कशाचे? सहीचे. नव्या वकिलांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं की दाव्याच्या तारखा मोजण्यापेक्षा हे स्वस्त पडेल.

घर त्याच जोडप्यानं घेतलं, साडेअडतीसला, पूर्ण रक्कम दस्तावर, चेकनं. कर्जही वाढून मिळालं. त्यांचे पाच लाख मात्र अडकलेत. रोख दिले, चिठ्ठी नाही, साक्षीला फक्त दलालाचा मेहुणा. पोलिसांत अर्ज दिलाय. पैसे माझ्यापर्यंत आले नाहीत असा जबाब मी लिहून दिलाय. तपास अधिकारी दर वेळी एकच विचारतात, देताना कागद का नाही केला, आणि त्या बाई दर वेळी तेच सांगतात: ते म्हणाले, मालकिणीला आवडणार नाही.