केळी: कंद लावावा की टिश्यूकल्चर रोप?

खाण्याच्या केळीत बी धरत नाही. ग्रँड नैन, श्रीमंती, बसराई या जातींत गुणसूत्रांचे तीन संच असल्याने बी तयार होत नाही आणि फळ परागीभवनावाचूनच भरते. केळे कापल्यावर मधोमध दिसणारे काळे ठिपके ही न वाढलेली बीजांडे. त्यामुळे लागवडीला मार्ग दोनच: कंद किंवा टिश्यूकल्चरचे, म्हणजे प्रयोगशाळेत ऊतींपासून वाढवलेले रोप.

कंद स्वस्त पडतो आणि खानदेशातल्या उन्हात तगही धरतो. पण निवड डोळ्यांत तेल घालून करावी लागते. तलवारीच्या पात्यासारख्या अरुंद पानांचे पील (झाडाच्या बुंध्यापासून फुटलेले पिल्लू) घ्यावे. रुंद पानांचे, बसक्या कंदाचे पाणमुनवे सोडून द्यावेत. कंद उभट, 2-3 महिन्यांचा, 450 ते 700 ग्रॅमचा असावा. मुळ्या तासून 100 लिटर पाण्यात 100 ग्रॅम कार्बेन्डाझिम घालून अर्धा तास बुडवावा. त्याने कंदकूज आटोक्यात राहते, पण आत शिरलेला विषाणू जात नाही. शिवाय वजन आणि वय कमीजास्त असले की निसवण (घड बाहेर पडणे) मागेपुढे होते, कापणी दोन-तीन महिने रेंगाळते आणि व्यापारी त्याचाच भाव पाडतो. बाग उरकायला 15 ते 18 महिने लागतात.

रोपाची बाग 11-12 महिन्यांत हाती येते आणि बरीचशी कापणी एका दमात होते. आमच्या मते जास्तीचे पैसे द्यायचे ते या एकसारखेपणासाठी. सूत्रकृमी आणि सोंडकिडाही रोपाबरोबर येत नाहीत (जमिनीत आधीच असतील तर गोष्ट वेगळी).

रोपाचा जीव मात्र पहिल्या दीड महिन्यात टांगणीला असतो. फूटभर उंचीचे, 5-6 पानांचे, हार्डनिंग (बाहेरच्या हवेची सवय) पुरे झालेले रोपच घ्या. प्रयोगशाळा राष्ट्रीय प्रमाणीकरणातली (एनसीएस-टीसीपी) आहे का आणि विषाणूचाचणी झाली आहे का, हे विचारा. पिशवी ब्लेडने कापा, मातीचा गोळा फुटू देऊ नका आणि रोप पिशवीत होते तेवढेच खोल लावा. मान मातीत गेली की खोड सडते. 6×5 फुटांवर एकरी सुमारे 1,450 रोपे बसतात. जूनआधी लावत असाल तर कडेने ताग पेरून सावली करा. ठिबक नसेल तर रोपाच्या फंदात पडू नये.

हरण्या (सीएमव्ही, म्हणजे काकडीवरही येणारा विषाणूरोग) कोवळ्या रोपावर लवकर येतो. जुलै-ऑगस्टच्या ढगाळ, गार हवेत पानांवर शिरांलगत पिवळे पट्टे दिसतात, मग पोंगा (शेंड्याचे गुंडाळलेले कोवळे पान) सडतो. औषध नाही, झाड कंदासकट उपटून गाडायचे आणि तो पसरवणारा मावा आवरायचा.

पैसा बेताचा असेल तर अर्धा एकर रोपांवर करा आणि बाग निरोगी राहिली तर पुढच्या लागवडीला तिचेच पील वापरा. दुसऱ्याच्या बागेतले फुकटचे कंद घेऊ नका, त्यातही काकडी, टरबूज किंवा मिरचीचे आंतरपीक झालेल्या बागेतले तर नकोच, कारण हरण्या या पिकांवरही असतो.