लँड मॅट्रिक्स: व्यवहार शोधायला उत्तम, परिणाम मोजायला अपुरं

मोठ्या शेतजमीन-व्यवहारांचा अभ्यास करायचा तर लँड मॅट्रिक्सला पर्याय जवळपास नाही. २०१२ पासून खुली असलेली ही ऑनलाइन जागतिक नोंदवही मोफत आहे आणि सगळी माहिती एक्सेलमध्ये उतरवून घेता येते. २००० नंतरचे, किमान २०० हेक्टरचे (सुमारे ४९४ एकर) व्यवहार यात येतात. छोटे तुकडे गोळा करत केलेली खरेदी मात्र सहज निसटते.

खरी मेख क्षेत्रफळात आहे. आकडे तीन: मागितलेलं, करारातलं आणि प्रत्यक्ष वापरातलं. इथिओपियातल्या गांबेलात करुतुरी कंपनीचा करार १ लाख हेक्टरचा होता. लागवड त्याच्या किरकोळ भागावरच झाली आणि २०१५ च्या शेवटी सरकारने करार रद्द केला. मादागास्करमध्ये देवू या दक्षिण कोरियन कंपनीचा सुमारे १३ लाख हेक्टरचा बेत २००९ मध्ये बारगळला. असे आकडे बेरजेत धरले की कागदावर अर्धा खंड विकला जातो. म्हणून आधी फक्त ‘करार पूर्ण’ निवडा, मग ‘काम सुरू’, आणि शेवटी वापरातलं क्षेत्र घ्या. आधीपासून लागलेले फिल्टरही तपासा, नाहीतर देशांतर्गत खरेदीदार यादीत आहेत की नाहीत हे कळणारच नाही.

स्थानिक विकासासाठीचे रकाने कागदावर झकास आहेत: गावाशी सल्लामसलत, विस्थापन, भरपाई, कबूल केलेले लाभ, मिळालेले लाभ, रोजगार. भरलेले मात्र कमी. रिकाम्या जागी शून्य घालून सरासरी काढली तर रोजगार उगाच कोसळतो. रिकामे सोडले तर गाजलेल्या प्रकल्पांचंच वजन वाढतं. शिवाय नोकऱ्या मोजताना गेलेली चराई आणि कूळ-शेती कुठे धरायची? त्यासाठी ‘जमिनीचा पूर्वीचा वापर’ हा रकाना सोबत वाचावाच लागतो.

नकाशावरच्या टाचणीवरही डोळे झाकून भरवसा नको. स्थानाची अचूकता ‘देश’ किंवा ‘प्रांत’ एवढीच असेल, तर त्या बिंदूभोवती १० किलोमीटरचं वर्तुळ काढून शाळा, रस्ते किंवा उत्पन्न मोजणं निरर्थक. अशा नोंदी आधीच गाळा.

पाचपैकी साडेतीन तारे. प्रत्येक व्यवहाराखाली स्रोत दिलेला असतो, हा मोठा गुण. कंपनीचं निवेदन आणि सरकारी करार यांतला फरक तिथेच कळतो. माहिती उतरवल्याची तारीख लिहून ठेवा, नोंदी नंतर बदलतात.