रात्रपाळीसाठी चहा की फिल्टर कॉफी?

दोन्हींत काम करतं ते कॅफीनच. दिवसभर मेंदूत साठलेलं अ‍ॅडेनोसिन हे रसायन पेशींवरच्या आपल्या ठरलेल्या जागांना (रिसेप्टरांना) चिकटून झापड आणतं. कॅफीन ती जागा अडवून बसतं. थकवा जात नाही, तो जाणवत नाही इतकंच. म्हणून तरतरी कशानं येते यापेक्षा पोटात किती गेलं हे महत्त्वाचं.

चहाचा अंदाज बांधता येतो. २ ग्रॅम पावडरीच्या कपात साधारण ४० मिलिग्रॅम, कटिंगमध्ये त्याच्या निम्मं. कॉफीचं गणित मात्र इथेच बिघडतं, आणि माझा कल ठरला तोही यावरच. फिल्टरात टाकलेल्या १० ग्रॅम पावडरीत निव्वळ अरेबिका जातीची कॉफी असेल तर १२० मिलिग्रॅमच्या आसपास कॅफीन असतं, रोबस्टा जातीची असेल तर २०० च्या वर. कॉफीत मिसळतात त्या चिकोरीत (भाजलेल्या मुळाच्या पुडीत) ते नसतंच, पण तिच्यामुळे डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरातून उतरलेला अर्क, काळं नि कडवट होतं आणि जीभ फसते. पाकिटावर चिकोरीचा टक्का असतो. रोबस्टा किती, हे बहुधा नसतं. शिवाय पहिलं डिकॉक्शन कडक, दुसऱ्यांदा पाणी ओतलेलं फिकं. पाकीट बदललं की छातीत धडधडतं आणि कारण सापडत नाही.

कॅफीन निम्म्यावर यायला सरासरी ५ तास लागतात. पहाटे ३ ला १२० मिलिग्रॅम घेतलं, तर सकाळी ८ ला अंथरुणावर पडताना दीड कप चहाइतकं अंगात उरतंच. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर हा काळ जवळपास दुप्पट होतो, सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकनंही लांबतो. सिगारेट ओढणाऱ्यांत तो कमी असतो, त्यामुळे सिगारेट सुटली की नेहमीचीच कॉफी जड जाते.

चहातही खोट आहे: त्यातल्या टॅनिनमुळे जेवणातलं लोह कमी शोषलं जातं. रक्त कमी असेल तर जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर हवंच. साखरही कपागणिक वाढते.

पाळीच्या सुरुवातीला एकदाच घेऊन थांबणाऱ्याला कॉफी चालेल. रात्रभर थोडं थोडं लागत असेल, तर मी कटिंगच सुचवेन, तोही झोपेच्या ६ तास आधीपर्यंत.

निरोगी प्रौढाला कॅफीन दिवसाला ४००, एका वेळी २०० मिलिग्रॅम पुष्कळ. गरोदरपणी दिवसभरात २००. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफीन असतं, तेही यात धरा. सोडायचं झालं तर एकदम नको, १२ ते २४ तासांत डोकं ठणकू लागतं. दर दोन-तीन दिवसांनी एकेक कप कमी करा.