कार्थूसियन की ट्रॅपिस्ट?

इगतपुरीला विपश्यनेचे दहा दिवस मौनात काढून झालेत आणि आता एखाद्या ख्रिस्ती मठात राहून बघावं असं मनात असेल, तर कार्थूसियन आणि ट्रॅपिस्ट या कॅथलिक संन्यासी संघांची नावं समोर येतातच. मौन दोन्हीकडे, मांस दोन्हीकडे वर्ज्य. तरी दोन्ही घरं वेगळी.

कार्थूसियन हे नाव डोंगरावरून पडलं. १०८४ साली कोलोनचा धर्मगुरू ब्रूनो सहा सोबत्यांसह फ्रान्समधल्या ग्रेनोबलजवळच्या शार्त्रूझ डोंगरात जाऊन राहिला. शार्त्रूझचं लॅटिन रूप कार्तूसिया. इंग्रजांच्या तोंडी मठाचं 'चार्टरहाऊस' झालं. इंग्रजीत 'चार्टर' म्हणजे सनद, पण सनदेशी त्याचा काडीचा संबंध नाही. इथे प्रत्येक संन्याशाला वेगळं छोटं घर, मागे भिंतीआड बाग आणि दाराशेजारी एक झडप. जेवण त्या झडपेतून आत येतं, तेही रविवार आणि मोठे सण सोडले तर एकट्यानेच जेवायचं. मध्यरात्री उठून देवळात दोन-तीन तास प्रार्थना, मग परत झोप. गप्पा मुख्यतः आठवड्यातून एकदा, सगळे मिळून रानात फिरायला जातात तेव्हा.

ट्रॅपिस्ट म्हणजे मुळात सिस्टर्शियन. त्यांचा पहिला मठ १०९८ साली फ्रान्समधल्या सितो इथे, दलदलीत उभा राहिला; सिस्टर्शियन हे नाव सितोवरूनच. 'सिस्तेल' म्हणजे लव्हाळी, त्यावरून सितो, असं एक मत. दुसरं मत रोमन रस्त्यावरच्या तिसऱ्या मैलाच्या दगडाकडे बोट दाखवतं. मला लव्हाळीच पटते. पुढे १६६४ मध्ये नॉर्मंडीतल्या ला त्राप मठात तिथला मठाधिपती रांसे याने नियम कडक केले, तिथून ट्रॅपिस्ट हे नाव. फ्रेंचमध्ये 'त्राप' म्हणजे सापळा, आणि झडपसुद्धा! गंमत अशी की झडपेतून जेवतात ते कार्थूसियन. ट्रॅपिस्ट एकत्र जेवतात, शेतात राबतात, काही मठ बिअरही बनवतात.

निवड करताना खरा प्रश्न एकच: किती दिवस? कार्थूसियन मठात पाहुणा म्हणून राहता येत नाही. जन्मभर तिथेच राहण्याचा विचार करणाऱ्यालाच चाचपणीपुरतं आत घेतात. ट्रॅपिस्टांकडे पाहुण्याला ख्रिस्तासारखं वागवावं हा ते पाळतात त्या संत बेनेडिक्टच्या जुन्या मठ-नियमावलीतला दंडक आहे, म्हणून पाहुण्यांच्या खोल्या असतातच. चार-आठ दिवसांसाठी ट्रॅपिस्टच गाठा.

त्यासाठी युरोपचा व्हिसाही लागत नाही. केरळात वागमोणजवळचा कुरिसुमला आश्रम १९५८ मध्ये सुरू झाला आणि १९९८ मध्ये याच संघात सामील झाला. तिथे संन्यासी भगवे कपडे घालतात, गाई पाळतात. कुरिसुमला म्हणजे क्रुसाचा डोंगर, त्यामुळे डोंगराची हौसही भागेल. फक्त आधी कळवून जा.