टी१२ सोल्डरिंग स्टेशन: काही महिन्यांच्या वापरानंतर

नवं सोल्डरिंग आयर्न पहिल्या आठवड्यात छानच चालतं. बिट, म्हणजे आयर्नचा पुढचा तापणारा भाग, चकचकीत असतो, हौस ताजी असते. त्यामुळे घेतल्या घेतल्या लिहिलेल्या अभिप्रायांवरून मला स्वतःला कधी काही ठरवता आलं नाही. बिट किती दिवसांनी काळा पडतो, केबल ताठ होते का, बटणं ढिली पडतात का, हे सगळं नंतर कळतं. म्हणून मी मुद्दाम काही महिने थांबून लिहितोय.

कोणाच्या हातात हे स्टेशन होतं तेही सांगतो. माझी सगळी नोकरी कॉम्प्युटर दुरुस्तीत गेली. सुरुवातीच्या काळात आम्ही खरोखर बोर्डावर काम करायचो. काचेच्या मॉनिटरचं चित्र मधेच आडवं जायचं, कॅबिनेटला थाप मारली की परत यायचं. मागचं झाकण काढून फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मरच्या पायांशी भिंग धरलं की पायाभोवती केसाएवढी गोल भेग दिसायची. ड्राय सोल्डर. गरम केलं, थोडं ताजं सोल्डर दिलं, मॉनिटर पुढची काही वर्षं निघाला. पुढे ही कामं संपली. बोर्ड काढा, नवा घाला, पुढच्या कॉलला निघा. त्यात चूक कुणाची नव्हती, वेळेचा हिशेबच तसा होता. निवृत्त झाल्यावर तो हिशेब सुटला आणि खोक्यांत साठवलेले मेलेले बोर्ड मात्र तसेच राहिले. हे स्टेशन त्यांच्यासाठी घेतलं.

कंपनीचं नाव देत नाही. या प्रकारची स्टेशनं अनेक जण बनवतात आणि आतला मसाला जवळपास सारखाच असतो: २४ व्होल्टचा पॉवर सप्लाय, छोटा स्क्रीन, फिरवायचं एक बटण, आणि टी१२ जातीचा बिट. महत्त्वाचा आहे तो हा बिट. जुन्या आयर्नमध्ये हीटर वेगळा आणि तांब्याचा बिट त्यात खुपसलेला असायचा. टी१२ मध्ये हीटर आणि तापमान मोजणारा थर्मोकपल दोन्ही बिटाच्या आतच, टोकाला खेटून असतात. शिवाय दोघं एकाच जोडणीत सिरीजमध्ये. म्हणून कंट्रोलर हीटर क्षणभर बंद करतो, थर्मोकपलचे काही मिलिव्होल्ट मोजतो, परत हीटर चालू करतो, आणि हे अखंड चालू असतं. हीटर साधारण ८ ओहमचा, म्हणजे २४ व्होल्टवर सत्तरेक वॅट. चालू केल्यावर पाणी पिऊन येईपर्यंत तापलेलं असतं. पूर्वी २५ वॅटचं आयर्न लावून आम्ही फाइलमधल्या नोंदी पूर्ण करायचो.

आता मुद्द्याचं. हे स्टेशन घेणारा जो तो स्क्रीनवरच्या आकड्याच्या नादी लागतो. सोल्डर वितळत नाही? वाढवा. ३५०, ३८०, ४२०. मग पॅड, म्हणजे बोर्डावरची तांब्याची टिकली, उखडतं, फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात तो राळेसारखा पदार्थ) जळून काळा होतो आणि बिटाचं टोकही त्याबरोबर मरतं. माझ्या वापरात आकडा शिशाच्या सोल्डरसाठी ३२० ते ३३० आणि बिनशिशाच्या जोडासाठी ३५० च्या पुढे फार क्वचित गेला. काम अडलं की मी बिट बदलतो, आकडा नाही. ६३/३७ चं, म्हणजे ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं असलेलं सोल्डर १८३ अंशांवर वितळतं. ३२० अंशांच्या बिटाकडे तापमान भरपूरच आहे. अडतं ते उष्णता जोडापर्यंत पोचण्यात. सुईसारख्या टोकाचा बिट जोडाला एका ठिपक्यात टेकतो, चपट्या टोकाचा अख्ख्या कडेने टेकतो. स्टेशनबरोबर मिळतो तो नेमका सुईसारखा बिट, आणि दिसायला तोच नाजूक कामाचा वाटतो. माझा तो खोक्यात पडून आहे. डी२४ म्हणजे २.४ मिलिमीटर रुंदीचा छिन्नीसारखा बिट, आणि के म्हणजे सुरीसारखा, या दोघांवर जवळपास सगळं चालतं.

याची खरी परीक्षा मदरबोर्डचे कपॅसिटर बदलताना झाली. पेंटियम ४ च्या काळातला एक बोर्ड होता, प्रोसेसरच्या शेजारची रांगच्या रांग फुगलेली. त्या काळात अनेक बोर्डांवर सदोष इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर लागले होते. आत वायू साठतो, वरच्या टोपीला जिथे चिरा दिलेल्या असतात तिथे ती फुगते, काही तर फुटून तपकिरी चिकट द्रव बाहेर येतो. कॉम्प्युटर आधी मधूनच रीस्टार्ट होतो, मग एके दिवशी उठतच नाही. नोकरीत असताना असे बोर्ड ढिगाने बदलले. एकही दुरुस्त केला नाही, कारण २५ वॅटच्या आयर्नने ते जमायचं नाही.

का जमायचं नाही, तर कपॅसिटरचा प्लसचा पाय सहसा सुटतो, मायनसचा सुटत नाही. मायनसचा पाय ग्राउंडला, आणि बोर्डाच्या आतल्या थरांत ग्राउंडचा तांब्याचा अख्खा पत्रा पसरलेला असतो. तुम्ही वरून उष्णता देता, तो खालून ओढून घेतो. त्यात २००६ च्या १ जुलैपासून युरोपचा शिशाविरुद्धचा नियम लागू झाला, तेव्हापासूनचे बहुतेक बोर्ड बिनशिशाचे. त्यांचं सोल्डर २१७ ते २२० अंशांच्या आसपास वितळतं. मी के बिट ३५० वर ठेवला, दोन्ही पायांवर आधी शिशाचं ताजं सोल्डर आणि भरपूर फ्लक्स दिला, म्हणजे जुन्या-नव्या सोल्डरचं मिश्रण होऊन ते लवकर वितळतं. मग सुरीची कड दोन्ही पायांना एकदम टेकवली. मायनसकडचं सोल्डर आधी निस्तेज, दाणेदार दिसत होतं. बघता बघता ते आरशासारखं चमकलं, आणि मागून हलकेच धरलेला कपॅसिटर बोटांत आला. जोर लावला नाही. त्या चमकण्याच्या आधी ओढलं की भोकाच्या आतलं अस्तर पायाबरोबर बाहेर येतं आणि बोर्ड कायमचा जातो. भोक मोकळं करायला डिसोल्डर पंप चालतो, नाही चाललं तर सोल्डर वितळलेलं असताना लाकडी टूथपिक आरपार घालायची. लाकडाला सोल्डर चिकटत नाही. नवे कपॅसिटर लो ईएसआर, म्हणजे आतला रोध कमी असलेले, आणि १०५ अंशांपर्यंत चालणारे. आणि काढण्याआधी मोबाइलवर फोटो, कारण बोर्डावर मायनसची खूण बहुतेक वेळा पांढऱ्या अर्ध्या वर्तुळाची असते, पण सगळ्याच बोर्डांवर नाही. बोर्ड चालू झाला. त्यावर आता जुना विंडोज एक्सपी आणि जुने गेम आहेत, त्यांचा उपयोग विचारू नका.

दुसरं मोठं काम ४८६ प्रोसेसरच्या जुन्या बोर्डाचं. या बोर्डांवर ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी सोल्डर केलेली असते आणि ती गळते. गळलेला पदार्थ अल्कली असतो, तो वर्षानुवर्षं तांबं खात राहतो. ती बॅटरी बहुधा कीबोर्डच्या सॉकेटजवळ असते, म्हणून पहिला बळी कीबोर्डचा. आधी बॅटरी काढून टाकली, मग व्हिनेगर ब्रशने लावलं. ते बुडबुडे काढून अल्कली मारतं. पाण्याने धुतलं, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पाणी घालवलं. एवढं होऊनही काळ्या-हिरव्या तांब्याला सोल्डर धरत नाही, बिट कितीही गरम असो. घासून गुलाबी तांबं दिसलं पाहिजे. तुटलेल्या ट्रॅकच्या दोन्ही बाजू खरवडून त्यांना कलई केली आणि केसासारख्या बारीक तारेने जोड दिले. इथे मात्र बारीक टोकाचा बिट लागला, तेवढं कबूल. बॅटरीच्या जागी आता बाहेर तीन पेन्सिल सेल आहेत आणि वाटेत एक डायोड, म्हणजे बोर्ड त्या सेलना चार्ज करायला जाणार नाही. बोर्डाची सेटिंग या बॅटरीवरच टिकतात, त्यामुळे हार्ड डिस्कच्या मापाचे आकडे (सिलिंडर, हेड, सेक्टर) आता दर वेळी हाताने टाकावे लागत नाहीत.

बिटांची तब्येत अजून उत्तम आहे. माझ्या पिढीच्या हाताला कानस लावायची सवय असते: तांब्याचा बिट सोल्डरमध्ये हळूहळू विरघळतो, खड्डा पडतो, घासून सपाट करा. नव्या बिटांवर लोखंडाचा पातळ मुलामा असतो, तांबं विरघळू नये म्हणूनच तो दिलेला असतो. कानस मारली की मुलामा गेला, आणि बिट गेला. मी पितळी तारेची घासणी वापरतो, ओल्या स्पंजला क्वचितच हात लावतो. काम संपवताना टोकावर सोल्डरचा जाड थेंब ठेवून बंद करतो. ही एक सवय लावून घेतली तर बिट वर्षानुवर्षं जातील असं दिसतंय.

आता तक्रारी, आणि पहिली गंभीर आहे. नवं स्टेशन आल्यावर प्लग न लावता मल्टिमीटरने बिटाचं टोक आणि प्लगची अर्थची पिन यांमधला रेझिस्टन्स मोजा. एक-दोन ओहमच्या आत यायला हवा. माझ्या स्टेशनवर जोडणीच नव्हती. उघडून पाहिलं तर अर्थची वायर खोक्याला स्क्रूने लावलेली, पण खोक्याच्या अॅल्युमिनियमवर रंगाचा थर, त्यामुळे लावून न लावल्यासारखी. रंग खरवडला, दातेरी वॉशर घातला, काम झालं. हे न केल्यास पॉवर सप्लायमधल्या वाय कपॅसिटरमुळे (मेन्समधला गोंगाट अर्थकडे वळवणारे कपॅसिटर) बिटावर मेन्सच्या जवळजवळ अर्धं तरंगतं व्होल्टेज राहतं. करंट अगदी नगण्य, हाताला फार तर मुंग्या येतील, पण नाजूक चिपला तेवढं पुरतं. ज्यांना खोकं उघडायची सवय नाही त्यांनी हे काम जाणकाराकडून करून घ्यावं.

दुसरी तक्रार झोपेची. हँडलमध्ये हालचाल ओळखणारा स्विच आहे. हँडल काही वेळ हललं नाही की तापमान खाली येतं. कल्पना चांगली, बिट वाचतो. पण भिंगाखाली बारीक पायावर काम करताना हात स्थिर ठेवावाच लागतो, आणि तेव्हाच ते समजतं की मालक उठून गेला. मी मेनूतली वेळ वाढवून ठेवली आहे. मेनूची भाषा आणि बरोबरची पुस्तिका यांबद्दल न बोललेलं बरं.

बाकी किरकोळ. दाखवलेलं तापमान आणि खरं तापमान यांत सुरुवातीला फरक होता, मेनूतून जुळवता येतो. बिट बदलला की परत थोडं इकडे-तिकडे होतं, पण मी आकड्याला किती किंमत देतो ते वर आलंच आहे. पकडीपासून टोकाचं अंतर सी२४५ या दुसऱ्या जातीच्या बिटाच्या हँडलपेक्षा जास्त आहे, आणि वयाने हात किंचित कापत असेल तर ते जाणवतं. मनगट टेकवायला लाकडाचा ठोकळा ठेवला, भागलं. केबल सिलिकॉनची आहे, मऊ, आणि चुकून बिट लागला तरी वितळत नाही. जिथे ती केबल पीव्हीसीची देतात तिथे घेऊ नका.

धुराबद्दल घरात नेहमी बोलणी होतात. "अहो, आधी ती खिडकी उघडा," हे मी काम सुरू केल्याचं घरातलं चिन्ह आहे. तिचं बरोबर आहे, पण कारण वेगळं. तो धूर शिशाचा नाही. शिसं १७०० अंशांच्या वर उकळतं, आपण त्याच्या आसपासही नसतो. धूर असतो फ्लक्समधल्या राळेचा, आणि दम्याला तो वाईट. छोटा पंखा धूर स्वतःकडून बाहेर ओढेल असा लावावा. शिसं पोटात जातं ते हातांवाटे, म्हणून काम संपल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खायचं नाही.

मोठी कामं रोज नसतात. रोजचं म्हणजे रिमोटचा सेलचा तुटलेला पत्रा, हेडफोनची वायर, लॅपटॉपच्या पॉवर जॅकचा ड्राय सोल्डर, कुणाच्या तरी नातवाची गाडी. यांतल्या अर्ध्या कामांना जुनं आयर्नही चाललं असतं. फरक एवढाच की दहा मिनिटांच्या कामासाठी आता मी टाळाटाळ करत नाही.

महिन्यातून एखादी वायर जोडायची असेल त्यांना हे लागत नाही, साधं आयर्न आणि चांगलं सोल्डर पुरे. मल्टिलेयर बोर्डांवर हात टाकायचा असेल तर घ्या, आणि स्टेशनवर पैसे वाचवून डी२४ व के हे दोन बिट, जेल फ्लक्स आणि चांगली डिसोल्डर विक (सोल्डर शोषून घेणारी तांब्याच्या तारांची वेणी) त्याच खरेदीत घ्या. ज्यांचे जोड चिपच्या पोटाखाली लपलेले असतात अशा बीजीए चिपांच्या वाटेला मात्र यावर जाता येत नाही. त्याला हॉट एअर, म्हणजे गरम हवेचं यंत्र, लागतं, ते मी अजून घेतलेलं नाही.